साडेतेरा हजारांचं रडार, चौदाशेचं जाळं आणि जपाचं मशीन

आधी स्टार देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचायला नको. रडारला पाचपैकी अडीच. जाळ्याला पाच. जपाच्या मशीनला साडेचार. अर्धा कापला कारण त्याचा सेल नेमका सामन्याच्या दिवशी संपला.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

मी परळच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी सकाळी सहा ते आठ एक बेसबॉलचा संघ सांभाळते. सतरा ते तेवीस वयाची चौदा मुलं. बहुतेक माझेच जुने विद्यार्थी, एक बोरिवलीहून येतो आणि रोज उशिरा येतो. मैदान क्रिकेटवाल्यांचं. कंपाउंडच्या भिंतीलगतचा एक कोपरा आमच्या वाट्याला, तोही आठनंतर नाही. पैसा म्हणाल तर मुलांची वर्गणी आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने दिलेले पंधरा हजार. एक बरा चेंडू सातशेला पडतो आणि भिंतीपलीकडे गेलेला चेंडू परत येईलच असं नाही, यावरून आमच्या तिजोरीचा अंदाज करा.

गेल्या मोसमात आम्ही हरलो ते पिचिंगवर, म्हणजे चेंडू टाकण्यावर. फील्डिंग उत्तम, मुलं क्रिकेटवर वाढलेली आहेत, झेल सुटत नाहीत. बॅटिंग बरी. पण पिचर उभा राहिला की माझ्या पोटात गोळा. ज्यांनी बेसबॉल पाहिला नसेल त्यांच्यासाठी: क्रिकेटमध्ये वाइड टाकला की एक धाव जाते आणि विषय संपतो. इथे स्ट्राइक झोनच्या (होम प्लेट या बॅटरपुढच्या पाटीवरची, गुडघ्यापासून छातीपर्यंतची चौकट) बाहेर चार चेंडू टाकले की बॅटर चालत पहिल्या बेसवर. त्याला म्हणतात वॉक. असे तिघे चालत गेले की तिन्ही बेस भरले, आणि मग कोणीतरी एक साधा फटका मारायचा अवकाश. समोरच्या संघाने काहीही न करता आपणच त्यांना ताट वाढून दिलेलं असतं. मोसमाच्या शेवटच्या तीन सामन्यांत आमचे १४ वॉक होते. माझ्या वहीत आहेत.

मुलांचं म्हणणं वेगळं होतं. “मॅडम, स्पीड कमी पडतो.” आणि स्पीड वाढवायचा तर आधी तो मोजायला हवा, मोजायला रडार हवं. मोबाइलवर कोणीतरी दाखवलं, खिशात मावणारं, साडेतेरा हजार. मला उलट काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. मी स्वतः सॉफ्टबॉलची पिचर. आमच्या वेळी वेग म्हणजे कॅचरच्या ग्लव्हमधून येणारा आवाज, दुसरं माप नव्हतं.

यंत्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतली बहुतेक यंत्रं एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या स्टिकरखाली निघाल्यासारखी दिसतात, आणि विक्रेत्याशी माझा जो पत्रव्यवहार झाला तो इथे उगाळण्यात अर्थ नाही. खोका फुटका आला, बदलून मिळाला नाही, इतकंच. आत रडार, मनगटाची दोरी, एक पातळ पुस्तिका. पुस्तिकेतलं इंग्रजी असं होतं की आमच्या शाळेच्या इंग्रजीच्या मॅडमनी ते स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांची मधली सुट्टी छान गेली.

चालवायला सोपं आहे. बटण दाबून धरायचं, चेंडूच्या दिशेने रोखायचं, आकडा येतो. आकडा उन्हातही वाचता येतो, ही त्यातली सर्वात चांगली गोष्ट. ट्रिपल ए सेल दोन महिने टिकले.

पहिल्या रविवारी आमच्या लंबूने चेंडू टाकला. सव्वासहा फूट उंची, संघातला सर्वात वेगवान. आकडा आला ९५, ताशी किलोमीटरमध्ये. त्याचा चेहरा उतरला. नंतर लेफ्टीने टाकला, ८३. तो तर बोलेचना. आणि मग मी चुकून बटण दाबून ठेवलं तेव्हा आकडा आला ३४. कोणीच काही टाकलं नव्हतं. भिंतीच्या तुटक्या भागातून दिसणाऱ्या रस्त्यावरून बेस्टची बस गेली होती.

इथून माझा खरा रिव्ह्यू सुरू होतो. कारण तो ९५ खोटा होता, आणि खोटं रडार बोलत नव्हतं, मी उभी चुकीच्या जागी होते.

रडार लहरी सोडतं, त्या चेंडूवर आपटून परत येतात, परत येताना त्यांची वारंवारता बदललेली असते, त्या फरकावरून वेग निघतो. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो तोच हिशेब. पण त्याला कळतो तो फक्त रडारच्या दिशेने येणारा वेग. चेंडू सरळ तुमच्या तोंडावर येत असेल तर आकडा बरोबर. तुम्ही बाजूला उभे राहिलात की कमी. दहा अंश तिरपे असाल तर दीड टक्का, त्याचं काही नाही. पंचवीस अंश तिरपे झालात की नऊ टक्क्यांहून जास्त घसरतो. मी कॅचरच्या मागे उभी राहिले नव्हते कारण मागे जाळं नव्हतं आणि मला माझे पुढचे दात आवडतात. मी चांगली बाजूला, भिंतीच्या आडोशाला उभी होते. लंबूचा खरा वेग १०५ च्या आसपास होता.

पुस्तिकेत हे एका ओळीत आहे, पान सातवर, आणि ती ओळ वाचून काहीही बोध होत नाही.

दुसरा घोळ म्हणजे वेग कुठे मोजता. हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत पोचेस्तोवर हवेच्या विरोधाने चेंडूचा वेग आठ-दहा टक्के उतरतो. त्यामुळे सुटतानाचा आकडा आणि पोचतानाचा आकडा यांची तुलना करणं म्हणजे दादरचं भाडं आणि डोंबिवलीचं भाडं यांची तुलना. मुलं घरी जाऊन व्हिडिओ बघणार, त्यात दिसणार की २०१० मध्ये अरोल्डिस चॅपमनने १०५.८ मैलांचा चेंडू टाकला, म्हणजे ताशी १७० किलोमीटर; शोएब अख्तरचा २००३ च्या विश्वचषकातला तो प्रसिद्ध चेंडू १६१.३, आणि आपण ९५. हे बघून पोरगं खचणार नाही तर काय. मी त्यांना सांगितलं की आधी आपण आपल्याशी तुलना करू, तीही एकाच जागेवरून. ऐकलं नाही कोणी.

पुढचे तीन सामने हा या खरेदीचा सर्वात वाईट काळ. रडार आल्यापासून प्रत्येकाला शंभराच्या वर जायचं होतं. खांदा उघडायचा, मान वाकडी, दात-ओठ खाऊन टाकायचं आणि सुटल्या सुटल्या मागे वळून “मॅडम, किती?” चेंडू कुठे गेला ते बघायचंच नाही. तीन सामन्यांत वॉक झाले २७. आधी १४ होते. साडेतेरा हजार खर्चून मी माझं पिचिंग निम्म्याने बिघडवलं होतं.

तेव्हा मी शांतपणे बसून, म्हणजे रात्री ओटा आवरून झाल्यावर, ज्यांच्याकडे पैसा नसतो ते काय करतात हे वाचायला घेतलं. अमेरिकेत पैसा नाही म्हणजे आपल्यासारखा नाही, हे मान्य. २००२ मध्ये ओकलंडच्या संघाचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर होता आणि न्यूयॉर्क यांकीजचा सव्वाबारा कोटींच्या वर. त्या वर्षी दोघांनीही १०३ सामने जिंकले. ओकलंडचे तीन मुख्य पिचर, हडसन, मल्डर आणि झिटो, हे त्यांनी ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदितांच्या निवडीतून, कोवळे उचललेले आणि स्वतः तयार केलेले होते. तिथल्या नियमांनुसार खेळाडूची सुरुवातीची काही वर्षं संघाच्या हातात असतात, तोवर त्याला बाजारभाव द्यावा लागत नाही. त्याच साली झिटोला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. तयार पिचर विकत घेणं महाग, घडवणं स्वस्त.

पण मला भावला तो त्यांचा चॅड ब्रॅडफर्ड. मधल्या डावात येणारा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, चेंडू जवळजवळ हाताखालून टाकायचा, इतक्या खालून की बोटं जमिनीला घासतील असं वाटावं. वेग बेताचा. दिसायला विचित्र, म्हणून बाजारात भाव कमी. मी हाताखालून टाकतच मोठी झाले, त्यामुळे हा माणूस मला माहेरचा वाटला.

आणि दुसरा सर्जिओ रोमो. टँपा बेचा संघ, हाही कायम काटकसरीचा. १९ मे २०१८ ला त्यांनी रोमोला, म्हणजे शेवटच्या डावात येणाऱ्या पस्तिशीच्या रिलीव्हरला, सामन्याची सुरुवात करायला पाठवलं. पहिल्या डावात समोरच्या एंजल्स संघाचे सर्वात तगडे बॅटर येतात, त्यांच्यावर हा अनुभवी माणूस घालायचा, मग जास्त डाव टाकणारा पिचर आणायचा. रोमोने तिघांनाही स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात त्यानेच केली. त्याचा चेंडू तिथल्या मानाने हळूच. पण स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू, जिथे टाकायचा तिथेच टाकायचा. नवीन माणूस घेतला नाही, पैसा टाकला नाही, फक्त क्रम बदलला.

एक आकडेमोडही वाचली, ती माझ्या डोक्यात बसली. २००१ मध्ये वोरोस मॅक्रॅकन नावाच्या अभ्यासकाने मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. ते फील्डर आणि नशीब ठरवतं. पिचरच्या खऱ्या हातात तीन गोष्टी: स्ट्राइकआउट, वॉक, होमरन. यावरून पुढे जे सूत्र निघालं त्यात होमरनला १३ ने गुणतात, वॉक आणि अंगाला लागलेल्या चेंडूंना ३ ने, आणि स्ट्राइकआउटचे २ प्रमाणे वजा करतात. बेरजेला टाकलेल्या डावांनी भागतात आणि एक ठरावीक आकडा मिळवतात. मी ते सूत्र वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. आमच्या मैदानावर होमरन म्हणजे भिंतीपलीकडे, वर्षातून दोन-तीन. स्ट्राइकआउट वाढवायला वेग लागेल, तो दोन महिन्यांत येणार नाही. उरले वॉक. आणि फील्डर तर माझे उत्तमच आहेत! मग बॅटरला मारू दे की. त्यासाठी चेंडू फक्त झोनमध्ये हवा.

वेगाचा आकडा या सूत्रात कुठेच नाही, हे मला साडेतेरा हजारांनंतर कळलं.

तर जाळं.

बाजारात पिचिंगची तयार जाळी मिळतात, नऊ खण असलेली, पण किंमत बघून मी मोबाइल बंद केला. वरळी कोळीवाड्यात माझ्या एका विद्यार्थिनीची आजी जाळी विणते, दुरुस्त करते. तिच्याकडे गेले. मावशी पायरीवर बसून जाळं सांधत होत्या. मी कागदावर चित्र काढून नेलं होतं: १७ इंच रुंद, कारण होम प्लेट तेवढीच रुंद असते, गुडघ्यापासून छातीपर्यंत उंच, आत तीन बाय तीन असे नऊ खण, आणि प्रत्येक खणामागे पिशवी, म्हणजे चेंडू कुठल्या खणात गेला ते दिसेल आणि गोळा करत फिरावं लागणार नाही.

मावशींनी चित्र उलटं धरून पाहिलं. “बॉल केवढा?”

“दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर.”

“म्हंजे बारका पापलेट.”

“हो, पण ताशी शंभर किलोमीटरनं येणार.”

“पापलेट येवढा जोरानं येत नाय गो बाय,” असं म्हणून त्यांनी हातातला दोरा बाजूला ठेवला आणि आतून जाड नायलॉनची रीळ आणली.

चौदाशे रुपये. त्यात बाहेरचं मोठं जाळंही, सात बाय सात फुटांचं, म्हणजे हुकलेला चेंडू भिंतीवर आपटून फुटणार नाही. खणांच्या कडा लाल दोऱ्याने विणल्या कारण मी म्हटलं दुरून दिसायला हव्यात. चौकट लालबागच्या प्लंबरने जीआय पाइपची करून दिली, तिचे वेगळे नऊशे. सहा महिन्यांत एक खण फाटला, तोही लंबूच्या चेंडूने नाही, कोणीतरी चौकट ओढत नेताना. मावशींनी फुकट शिवून दिला, वर सुके बोंबील दिले.

अंतराचं सांगायचं राहिलं. क्रिकेटची खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत ६६ फूट. बेसबॉलमध्ये पिचरच्या रबरपासून (ज्यावर पाय ठेवून तो टाकतो ती पट्टी) होम प्लेटच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच. म्हणजे क्रिकेटच्या पट्टीवर एका यष्टीपाशी पिचर उभा केला तर प्लेट समोरच्या क्रीजच्याही दीड फूट अलीकडे येते. आम्ही तिथे खडूने खूण करतो, आठ वाजता क्रिकेटवाले ती पायाने पुसतात, पुढच्या रविवारी पुन्हा करतो. पिचरचा उंचवटा नियमाने दहा इंचांचा, १९६९ पासून. त्याआधी पंधरा असायचा आणि १९६८ मध्ये पिचरांनी बॅटरांना इतकं छळलं की तो उतरवावा लागला. आमचा उंचवटा प्लायवूडचा, सुतारकाकांनी केलेला, सहा इंच. मैदानात माती टाकायला परवानगी कोण देणार?

जाळ्यावर खेळ साधा. वीस चेंडू. कोणता खण हे टाकण्याआधी सांगायचं. पहिले तीन रविवार मी खण सांगूच दिला नाही, कुठल्याही खणात गेला तरी चालेल म्हटलं. लंबूचे वीसपैकी सात आत. लेफ्टीचे तेरा. ८३ वाला लेफ्टी! त्या दिवशी रडार पिशवीत होतं आणि लेफ्टी पहिल्यांदा मान वर करून घरी गेला.

तेव्हापासून सामन्याची सुरुवात लेफ्टी करतो. पहिल्या दोन डावांत समोरचे चांगले बॅटर येतात, त्यांना तो झोनमध्ये हळू चेंडू देतो, ते मारतात, फील्डर झेलतात. मग लंबू. लेफ्टीच्या हळू चेंडूनंतर तोच १०५ अचानक वेगवान वाटतो. ही कल्पना रोमोवरून सुचली असं म्हणायला आवडेल, पण खरं म्हणजे त्या रविवारी लंबू झोपून राहिला होता.

कॅचरबद्दल दोन शब्द, कारण पिचिंग सुधारायचं तर सर्वात स्वस्त दुरुस्ती तिथे आहे. आमचा कॅचर मुळात विकेटकीपर. चेंडू आला की हात मागे ओढून घ्यायची सवय, क्रिकेटमध्ये ती बरोबरच. पण बेसबॉलमध्ये कडेचा चेंडू ग्लव्ह स्थिर ठेवून पकडला तर अंपायर स्ट्राइक देण्याची शक्यता वाढते, आणि ग्लव्ह बाहेर घसरला की तोच चेंडू ‘बॉल’, म्हणजे झोनबाहेरचा, ठरतो. पिट्सबर्ग पायरेट्स, सलग वीस वर्षं हरण्याचा विक्रम असलेला संघ, त्यांनी २०१३ च्या आधी रसेल मार्टिन नावाचा कॅचर घेतला, दोन वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर देऊन, मुख्यतः या हाताच्या स्थिरपणासाठी. तिथल्या हिशेबात ते स्वस्त. त्या मोसमात वीस वर्षांची साडेसाती संपली. आमच्या कॅचरला मी टेनिसचे चेंडू टाकून फक्त ग्लव्ह न हलवण्याचा सराव दिला, दररोज शाळेच्या पॅसेजमध्ये पंधरा मिनिटं. खर्च शून्य. शिपाईमामा वैतागले, तेवढंच.

जपाचं मशीन.

दादर स्टेशनबाहेर फुलबाजाराच्या बाजूला मिळतं, बोटात अडकवायचं, बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो. पन्नास रुपये. माझ्या सासूबाई त्यावर रामनाम मोजतात, मी पिच मोजते. गंमत वाटेल, पण रडार आणि या मशीनपैकी एकच ठेवायचं ठरलं तर मी हे ठेवीन.

वरून हात फिरवून चेंडू टाकणं कोपरासाठी अनैसर्गिक आहे. कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो, दर चेंडूला तो ताणला जातो. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरचा तो तुटला. डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. पुढे त्याने आणखी १६४ सामने जिंकले आणि शस्त्रक्रियेला नावच त्याचं पडलं. आता ती तिकडे सर्रास होते. आमच्याकडे ती कोणाच्या आईबापाला परवडेल? म्हणून मोजायचं. अमेरिकेतल्या मार्गदर्शक नियमांत १७-१८ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त १०५ पिच आहेत, आणि ८१ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. ३१ ते ४५ टाकले तरी एक दिवस. मी आमची मर्यादा ६० ठेवली आहे, कारण तिकडच्या मुलांसारखा आमच्यांचा खांदा तयार केलेला नाही आणि कारण शनिवारी रात्री हीच मुलं टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळून, सीमारेषेवरून थ्रो करून आलेली असतात. ते मला कोणी सांगत नाही. मी आता विचारते, “काल किती वाजेपर्यंत?” उत्तर देताना नजर खाली गेली की मर्यादा ४०.

माझा उजवा खांदा अजून थंडीत दुखतो, त्या काळी आमचे चेंडू कोणी मोजले नव्हते.

आता रडारच्या बाजूने. अडीच स्टार उगाच दिलेले नाहीत. जाळं आल्यावर मी त्याच्या मागे, सरळ रेषेत उभी राहू शकले, आणि लंबूचा वेग एका आठवड्यात दहाने “वाढला”. त्याला मी कारण सांगितलं नाही. तेवढा आनंद त्याला असू दे.

खरा उपयोग झाला तो चेंजअपला. चेंजअप म्हणजे हात तसाच जोरात फिरवायचा पण चेंडू तळव्यात खोल धरायचा, मग तो हळू निघतो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो. लंबू म्हणायचा मी चेंजअप टाकतो. रडारने सांगितलं: फास्टबॉल १०५, चेंजअप १००. पाचचा फरक बॅटरला कळतही नाही. बारा-पंधराचा तरी हवा. पकड बदलली, अंगठा खाली आणला, तीन बोटं वर, दीड महिन्यात ९२ वर आला. हे नुसत्या डोळ्यांनी मला कळलं नसतं. दुसरा उपयोग दमण्याचा: सत्राच्या शेवटी आकडा सुरुवातीपेक्षा पाच-सहाने खाली आला की जपाचं मशीन काहीही म्हणो, थांबवायचं.

आणि तिसरा, तो मी शोधत नव्हते. नवीन पिचर निवडताना मी आधी क्रिकेटमधले वेगवान गोलंदाज आणायचे. चूक. गोलंदाजाचा हात सरळ ठेवण्यात वर्षं गेलेली असतात, त्याला कोपर वाकवून फेकायला सांगितलं की तो गोंधळतो. एका रविवारी गंमत म्हणून मी सगळ्या फील्डरांचे थ्रो रडारवर मोजले. बोरिवलीचा, उशिरा येणारा, जो आम्ही आउटफील्डमध्ये टाकून ठेवला होता, तो १०१. मला २००८ ची भारतातली ती पिचर शोधायची स्पर्धा आठवली, ज्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निघाले. दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉल कधी हातात न धरलेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. मुख्य लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण निवड कुठून करायची ते बरोबर होतं. फेकणारा शोधायचा. बोरिवलीकर आता आमचा तिसरा पिचर आहे. जाळ्यात वीसपैकी नऊ. लोकल मात्र तीच, उशिराची.

शेवटच्या तीन सामन्यांत वॉक १७. चौदापेक्षा जास्तच, मला माहीत आहे. त्यातले आठ एकाच सामन्यातले. जूनच्या पहिल्या पावसात चेंडू ओला साबण झाला होता आणि मीच सामना थांबवायला हवा होता. तीनपैकी दोन जिंकलो.

तुम्ही घ्यावं का? शाळेचा किंवा गल्लीचा संघ असेल आणि पैसे एकदाच खर्च करता येणार असतील, तर आधी जाळं, मग जपाचं मशीन, मग सहा चांगले चेंडू, आणि त्यानंतर पैसे उरलेच तर रडार. घेतलंत तर पहिला महिना आकडा मुलांना दाखवू नका. बॅकग्राउंडला रस्ता असेल तर बसेस मोजाल. पावसाळ्यात डब्यात तांदूळ घालून ठेवा, आमच्याची काच आतून धुरकटली ती सप्टेंबरपर्यंत गेली नाही.

आमचं रडार मात्र सध्या कमवायला लागलंय. शेजारच्या नेटमधल्या क्रिकेटच्या पोरांनी ते बघितलं आणि रांग लावली. सहा चेंडू मोजायचे वीस रुपये. लेफ्टी पैसे गोळा करतो, मी आकडा मोठ्याने सांगते, आणि कोणाचा ८० च्या खाली आला की त्याला हळूच सांगते. परवाच्या रविवारी सतरा जणांनी मोजून घेतलं. ३४० रुपये. एका चेंडूला अजून ३६० हवेत.